बलाक्का, यडाक्का आणि मी

भूतखेत, करणी, देवस्की, अंगात येणं... यातलं मी काही मानत नाही, हे आधीच सांगून टाकते. आम्ही जैन माणसं. आपलं कर्म आपण करायचं, फळ आपण भोगायचं, मधे तिसऱ्या कुणाची लुडबूड नाही, असं ऐकत वाढलेली. आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तर मी तिच्यापुढं चटणीची, म्हणजे लाल तिखटाची, धुरी घेऊन उभी राहिले होते. धुरी नाकाजवळ जायच्या आत बाई शुद्धीवर. तेव्हा ही हकीकत वाचून "म्हातारीला भास झाला असेल" असं कुणी म्हणू नये. मी तेव्हा म्हातारी नव्हते, अठरा वर्षांची होते. आणि भास पाच जणांना एकदम होत नसतो.

लिहायचं कारण असं — मागच्या अंकात एका वाचकांनी निपाणीजवळच्या "दोन बहिणींच्या गुहे"बद्दल लिहिलंय. बलाक्का आणि यडाक्का या दोघी बहिणी गुहेत वाट चुकून मेल्या आणि अजून एकमेकींना हाका मारतात, वगैरे. लिहिलंय झकास. पण सपशेल चुकीचं आहे. त्या गुहेत बहिणी नाहीत. दोनही नाहीत आणि एकही नाही. मग काय आहे म्हणाल तर... तेच सांगायला बसले आहे.

जागा नेमकी सांगते. निपाणीहून संकेश्वरकडं जाणाऱ्या सडकेवर तवंदीचा घाट लागतो. तिथंच आमचं स्तवनिधीचं क्षेत्र. देवळामागच्या डोंगरावर पायवाटेनं अर्धा तास चढलं की सपाटी येते, आणि सपाटीच्या पलीकडच्या अंगाला, करवंदीच्या जाळीमागं, जांभ्या दगडात एक तोंड आहे. कमरेत वाकून आत जावं लागतं. साल म्हणाल तर दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचा हिवाळा. तंबाखू अजून शेतात उभी होती, त्यामुळं घरच्या माणसांना एक दिवसाची सवड होती.

माझं माहेर चिकोडीच्या पलीकडं. घरात, मळ्यात, देवळात सगळं कानडी. लग्न होऊन निपाणीला आले तेव्हा मला मराठी येत होतं ते मीठ-मिरची आणण्यापुरतं. सासरचे बाप्ये बाजारात, वखारीत घडाघडा कानडी बोलायचे, पण उंबऱ्याच्या आत सगळं मराठीत. तसा आत्तींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, हुकूमच होता. "माझ्या घरात कानडी चालायचं न्हाय. नातवंडं धड ना हिकडची, धड ना तिकडची व्हतील." मी मराठी बोलायला जायची आणि तो-ती-ते चा असा घोळ व्हायचा की विचारू नका. "दूध उतू गेली." "आत्ती देवळातून आला." शांता, माझी धाकटी नणंद, माझी वाक्यं पाठ करून शेजारणींना म्हणून दाखवायची. आणि गंमत अशी की मला हसणाऱ्या आत्ती स्वतः "मी आलो, मी गेलो" असंच म्हणायच्या. आमच्या भागात बायकांची तीच रीत. ते चालायचं. माझं चालायचं नाही.

दीड वर्षात मी बोलणंच सोडून दिलं. हं, व्हय, न्हाय, एवढ्यावर संसार चालला होता. मग मला घरात "मुकी" म्हणायला लागले. लई वाईट वाटायचं. आणि त्या पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आत्ती माझ्या मालकांना म्हणाल्या — मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू जावं अशाच बेतानं म्हणाल्या — "पुनव झाली की हिला चिकोडीला सोडून ये. धड बोलाया शिकली की मग बघू." त्या काळी "मग बघू" म्हणून माहेरी सोडलेल्या मुली परत आल्याचं मी फारसं पाहिलेलं नव्हतं. ह्यांनी मान खाली घातली. आईपुढं बोलायची ह्यांची प्राज्ञा नव्हती.

तर पौर्णिमेच्या दिवशी गाडी जोडून आम्ही पाच जण स्तवनिधीला निघालो. आत्ती, शांता, हे, मी आणि थोरले दीर आण्णा. आण्णा शाळेत मास्तर. त्यांनी कोल्हापुराहून एक ब्याटरी आणली होती. आता तिला टॉर्च म्हणतात. ती कुठं दाखवू आणि कुठं नको असं त्यांना झालं होतं. डोंगरावरच्या गुहेत पार्श्वनाथाची मूर्ती कोरलेली आहे, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलेलं. "आई, इतकी वर्षं हितं येतीस, ते दर्शन राहिलंयच की तुझं." झालं. आत्तींना आदल्या दिवशीचा चतुर्दशीचा उपवास होता, निर्जळी. पण दर्शन घेऊनच पारणं करायचं म्हणून त्या तशाच डोंगर चढल्या. वय साठीचं. मधे दोनदा बसल्या, पण पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही.

गुहेच्या तोंडाशी एक म्हातारा धनगर मेंढरं राखत बसला होता. दशम्या, शेंगाची चटणी आणि गुळाच्या पोळ्यांचं गाठोडं, पाण्याची कळशी, असं सगळं त्याच्याजवळ ठेवलं. आम्ही आत जातोय म्हटल्यावर तो उठून उभा राहिला.

"मास्तर, आत बलाक्का-यडाक्का हायत्या. दोघी भैणी. एकमेकींस्नी हाका मारत्यात. हाक कानावर आली की तितनं मागारी वळायचं. आन ओ द्यायची न्हाय, काय वाट्टंल ते हुंदे."

आण्णा हसले. "दगडातनं वारा वाजतो रं बाबा. त्याला विज्ञान म्हणत्यात."

"वारा नाव घिऊन हाका मारत न्हाय," धनगर म्हणाला आणि परत खाली बसला.

हे म्हणाले, कंदील घेऊ या का त्याच्याकडचा. तर आण्णांना राग आला. ब्याटरी असताना कंदील? शिरलो आत.

पहिल्यांदा मजाच वाटली, खोटं कशाला बोलू. दहा पावलं वाकून गेलं की उभं राहता येत होतं. आण्णा छपरावर उजेड टाकत, "हे बघ, ते बघ" करत पुढं. वाट फुटायची, ते एकीत शिरायचे, पुन्हा फुटायची, पुन्हा शिरायचे. खूण कुठंच केली नाही. बऱ्याच आत गेल्यावर एक दगडी कोनाडा लागला. त्यात मूर्ती-बिर्ती काही नव्हती. दोन शेंदूर लावलेले धोंडे आणि त्यांच्यापुढं बांगड्यांचा ढीग. हिरव्या, लाल, काळ्या, कितीतरी वर्षांच्या.

आत्तींनी कमरेवर हात ठेवले. "ह्यो तुजा पार्श्वनाथ?"

"पुढं असंल अजून," आण्णा म्हणाले आणि पाच-पंचवीस पावलं गेले असतील, तर ब्याटरी गेली. विझत विझत नाही, एकदम. बल्ब उडाला होता. हलवून बघितली, आपटून बघितली, सेल काढून घातले. काही नाही.

"काडी वढा कुणीतरी," आत्ती म्हणाल्या.

कुणाकडं काडेपेटी असेल तर शपथ. आता बघा, निपाणीची माणसं, तंबाखूवर घर चाललेलं, गावात ज्याच्या त्याच्या तोंडात बिडी. पण आमच्या घरात व्यसनाला बंदी, बिडी ओढणं दूरच, वासही चालत नाही. त्यामुळं दोन बाप्ये असून खिशात काडी नाही. दुनियेच्या बिड्या आमच्या तंबाखूवर पेटायच्या आणि आम्ही अंधारात. मला तेव्हासुद्धा मनात हसू आलं होतं, पण मुकीनं हसायचं कसं.

मग आण्णांनी भिंत धरली. त्यांच्या मागं ह्यांनी आईचा हात धरला, आईनं शांताचा, शांतानं माझा. सगळ्यात शेवटी मी. चालतोय, चालतोय. वाट येताना होती तशी लागेना. किती वेळ गेला कळायला मार्ग नाही. आत्ती दर थोड्या वेळानं विचारायच्या, "दीस किती वर असंल रं?" त्यांचा जीव त्यातच अडकलेला. दिवस बुडाल्यावर अन्नपाणी तोंडात घालायचं नाही हा आमचा नेम. म्हणजे दिवस बुडायच्या आत बाहेर पडलो नाही तर त्या बिनपाण्याच्या अजून एक रात्र काढणार, आणि त्यांचा श्वास तर आत्ताच फुलत होता. आईचा हात बर्फ झालाय म्हणून शांता रडायला लागली.

आणि तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

"...बलाक्का..."

लांबून. बाईचा आवाज, वयस्क. आम्ही जागच्या जागी थांबलो. पुन्हा, "...बलाक्का..." शांतानं माझ्या दंडात नखं रुतवली. "त्याच हायत्या गं वैनी."

"गप. वारा हाय," आण्णा म्हणाले. पण त्यांचा आवाज मास्तरांचा राहिला नव्हता. हाक आली की मागं वळायचं, असं धनगर म्हणाला होता. पण मागं म्हणजे कुठं? आण्णा भिंत धरून भराभर पुढंच निघाले, आवाजापासून लांब. आवाज पाठीमागं राहिला. "बलाक्का... बलाक्का..." आणि मग बंद झाला.

थोडं पुढं गेल्यावर भिंत संपली. हात फिरवून पाहिलं तर मोकळी जागा आणि तीन तोंडं. समोरच्या तोंडातून गार वारा येत होता. आण्णांना हुरूप आला. "वारा येतोय म्हंजे बाहेरचं तोंड तेच. चला." तेवढ्यात आत्ती मटकन खाली बसल्या. "मला न्हाय व्हायचं. तुमी जावा." ह्यांनी त्यांना उचलायला हात घातला.

आणि आवाज आला. आता अगदी जवळून.

"यडाक्का."

शांता, भीतीनं अर्धमेली झालेली, पण खोड कुठं जातीय. माझ्या कानात म्हणते, "वैनी, यडी आक्का म्हणत्यात. तुलाच हाक मारालत्या." आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली.

मला राग नाही आला, रडूच कोसळलं. दीड वर्षाचं साचलेलं. मी भिंतीला डोकं टेकलं आणि माझ्या आईपुढं म्हणावं तसं माझ्या भाषेत तोंडातून गेलं, "यव्वा, एल्लि होगली?" आई गं, कुठं जाऊ मी? कुणाला विचारलं नव्हतं. आपली आई आठवली होती, एवढंच.

"यडक्क, तंगी," आवाज म्हणाला.

माझं रडणं तिथल्या तिथं थांबलं. तंगी म्हणजे धाकटी बहीण. आमच्याकडं कुठलीही मोठी बाई अनोळखी पोरीला तंगीच म्हणते. आणि यडक्क...

आता वाचकांपैकी ज्यांना आमच्याकडचं कानडी येतं त्यांना केव्हाच कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. बलक्क म्हणजे उजवीकडं. यडक्क म्हणजे डावीकडं. पुस्तकातलं कानडी जरा वेगळं असतं, पण आमच्या शिवारात वाट विचारली की हेच कानावर पडतं. डोक्यावरची घागर न उतरवता बाई जशी सांगते, तसाच तो आवाज होता. त्यात हाका मारणं नव्हतं की विव्हळणं नव्हतं. कुणाची नावं नव्हतीच ती. कोण जाणे किती पिढ्या, ती बाई वाट सांगत होती आणि ऐकणारे तिला बांगड्या वाहत होते.

खात्री करावी म्हणून मी मोठ्यांदा विचारलं, "सीदा होगली?" सरळ जाऊ?

"ब्याड," ताबडतोब उत्तर. "ब्याड, ब्याड." नको, नको.

"कुणासंगं बोलतीस गं?" आण्णा ओरडले. "ओ द्यायची न्हाय म्हटलंय ना."

"आण्णा, समोर जाऊ नका," मी म्हणाले. लग्न झाल्यापासून त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं पूर्ण वाक्य असेल. "ती नाव नाही घेत. ती वाट सांगते. डावीकडे म्हणते. यडक्क, यडक्क."

"यडक्क..." आण्णा पुटपुटले. त्यांना कानडी माझ्याइतकंच येत होतं, पण माणूस हट्टी. "आन वारा? वारा समोरनं येतोय त्येचं काय?"

"धोंडा टाका समोर," मी म्हणाले.

त्यांनी चाचपून धोंडा उचलला आणि समोरच्या तोंडात टाकला. पडल्याचा आवाज आला नाही. आला नाही, आला नाही... आणि मग खूप खोलवर, पाण्यात पडल्याचा आला. आण्णा ज्या जागी उभे होते तिथून ते तोंड तीन पावलांवर होतं.

मी वाकले, आत्तींच्या काखेत हात घालून त्यांना उभं केलं आणि माझा पदर त्यांच्या मुठीत दिला.

"आत्ती, पदर सोडायचा नाही. मी पुढं."

"मुके, तू पुढं?" आत्ती म्हणाल्या. पण पदर त्यांनी असा गच्च धरला की माझ्या खांद्यावरची पिन तुटली.

डावीकडं वळले. भिंत इतकी जवळ आली की आडवं होऊन सरकावं लागलं. मग वाट फुटली. हाताला दोन पोकळ्या लागल्या. मी विचारलं, "ईग?" आता? आणि आवाज, जणू चार पावलं पुढं चालत असल्यासारखा, "बलक्क." वळले उजवीकडं. पुन्हा विचारलं, पुन्हा उत्तर. प्रत्येक वळणावर मी मोठ्यांदा विचारत होते, खणखणीत कानडीत, दीड वर्ष गिळलेल्या कानडीत, आणि मला खरं सांगायचं तर भीती म्हणून उरलीच नव्हती. मागून ओळीत आत्ती, शांता, आण्णा, हे. सगळे मुके. बोलत होते फक्त मी आणि ती.

एका जागी गुडघ्यावर रांगावं लागलं. तिथून पुढं काळोख काळोखासारखा राहिला नाही. करडा झाला, मग तांबूस. करवंदीच्या पानांतून ऊन आत येत होतं. डोंगराच्या दुसऱ्याच बाजूला, एक माणूस जेमतेम निघेल एवढी फट होती.

मी एकेकाला आधी बाहेर काढलं. शेवटी मी राहिले. आमच्याकडं कुणाच्याही घरून निघताना नुसतं "जाते" म्हणत नाहीत, "होगि बर्तीनी" म्हणतात, जाऊन येते. सवयीनं मी मागं वळून तेच म्हटलं.

"होग, तंगी," ती म्हणाली.

बाहेर आले तर सूर्य डोंगराच्या वर चांगला दोन हात होता. आत्ती त्याच्याकडं बघत उभ्या होत्या. डोळ्यांतून पाणी चाललेलं. "हाय की गं अजून," म्हणाल्या. "लई हाय." आम्ही डोंगराला वळसा घालून पहिल्या तोंडाशी आलो. धनगर उठून बसला आणि आमच्याकडं असा बघायला लागला की आम्हीच भुतं आहोत. त्याच्यासमोर आत गेलेली पाच माणसं त्याच्या पाठीमागून आली होती.

शांतानं पाणी गाळून दिलं. आत्तींनी गाठोडं सोडलं. आमच्या घरात सुनेनं सगळ्यांच्या शेवटी जेवायचं, आणि आज तर आत्तींचं पारणं. पण त्यांनी गुळाच्या पोळीचा पहिला तुकडा मोडला आणि तो माझ्या तोंडासमोर धरला. सगळ्यांदेखत. आणि मला म्हणाल्या, "ऊटा आता?"

आता "ऊटा आता" म्हणजे "जेवण झालं का?" त्यांना म्हणायचं होतं "जेव". बाजारात ऐकलेलं एकच वाक्य ऐनवेळी आठवलं असणार. घास पुढं धरून जेवलीस का विचारणाऱ्या आत्तींकडं बघून मला हसू फुटलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा मी खळखळून हसले.

"हास, हास," आत्ती म्हणाल्या. "मी बी तुला लई हसलोय. फेड की."

मी तो घास खाल्ला, मग त्यांना भरवला. तेव्हा कुठं त्यांनी पाणी घेतलं.

गाडीत बसताना हे घाबरत घाबरत बोलले, "आई, परवा चिकोडीला गाडी जोडायची न्हवं?"

"जोड की," आत्ती म्हणाल्या. "जा आन हिच्या आईला घिऊन ये. ऱ्हाऊ दे म्हैनाभर. घरात कुणीतरी हिच्यासंगं बोलाया नको?"

माझी आई खरोखरच येऊन महिनाभर राहिली. तिच्यासमोर मी मराठीत चुका करायचे, आत्ती कानडीत करायच्या, आणि आई दोघींना हसायची. शांतानं माझी नक्कल करायची सोडली असं नाही, फक्त आता आत्तींचीही करायला लागली. मुकी हे नाव मात्र त्या दिवसानंतर कुणाच्या तोंडी आलं नाही. पुढं कितीतरी वर्षं, कुठंही दोन रस्ते फुटले की आत्ती गाडी थांबवून मला विचारायच्या, "बलक्क का यडक्क गं?" संकेश्वरचा सरळ रस्ता असला तरी.

आता स्पष्टीकरण. आण्णांनी शोधायची शिकस्त केली, कबूल करायला हवं. त्यांचं म्हणणं, घाटातले गाडीवान एकमेकांना डावी-उजवी सांगत असतील आणि फटींतून आवाज आत येत असेल. म्हणून पुढच्या महिन्यात चार गडी, दोन कंदील आणि दोरखंड घेऊन ते आत गेले. काडेपेट्या तर प्रत्येकाच्या खिशात. घाटात एका गड्याला उभं करून ठराविक वेळेला ओरडायला लावलं. आत काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी मराठीत हाका मारल्या, कानडीत मारल्या. उत्तर नाही. तीन तोंडांच्या जागेपासून फटीपर्यंत त्यांनी दोरीनं मोजत वाट काढली, तर मला सांगितलेली वळणं तंतोतंत तशीच. आणि पहिल्यांदा पाठीमागून "बलक्क, बलक्क" असं येत होतं ना, तिथं खरोखरच उजव्या हाताला, बाहेरच्या तोंडाकडं जाणारी वाट फुटत होती. आम्ही तेव्हाच ऐकलं असतं तर दहा मिनिटांत बाहेर पडलो असतो.

"मला कानडी येत हुतं की गं," आण्णा मला एकदा म्हणाले. "पण धनगरानं आधीच नावं सांगून ठेवली हुती. मग कान दुसरं काय ऐकतात?" मास्तर माणसानं धाकट्या भावजयीपाशी एवढं कबूल करणं ही काही लहान गोष्ट नव्हे.

त्या धनगरालाही मी सगळं समजावून सांगितलं होतं. त्यानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल बाई. पर नावं हायत ती." अजून लोक तिथं बांगड्या वाहतात, हे मागच्या अंकातल्या पत्रावरून दिसतंच आहे.

मी परत गेले नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. आमच्याकडं निघणाऱ्या माणसाला "होगि बा" म्हणतात, जाऊन ये. नुसतं "होग", म्हणजे जा, असं कुणी कुणाला म्हणत नाही. ती म्हणाली. मी येते म्हटलं आणि ती जा म्हणाली. तिनं परत ये म्हटलं नाही, तेव्हा मी गेले नाही. ती कोण होती, तिथं काय करत होती, पाच जणांना ऐकू आली ती मी विचारल्यावरच का उत्तर देऊ लागली, मला माहीत नाही. इतकी वर्षं विचार करते आहे आणि भुतावर माझा अजूनही विश्वास नाही. त्या बाईवर आहे.

तेव्हा मागच्या अंकातल्या वाचकांना एवढंच सांगणं. पुन्हा त्या गुहेत गेलात तर काडेपेटी न्या. आणि तरीही वाट चुकलात आणि आवाज आला, तर घाबरून पळू नका, बांगड्या वाहू नका. वाट विचारा. आणि कानडीत विचारा.